वजा केलेले तंतू

मिहीर आणि सई, आजी नोकरीत काय करत होती असे तुम्हाला कोणी विचारले, तर "विमानांच्या कारखान्यात होती" एवढेच सांगून थांबू नका. लोकांना वाटते मी विमाने बनवली. मी कचरा मोजला. तीस वर्षे, सकाळी आठ ते दुपारी साडेचार, बंगळूरच्या एका सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मी कचरा मोजला, आणि फार नीट मोजला. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "कामाचे काही हलकेफुलके अनुभव द्या" असे पत्र आले आहे. हलकेफुलके थोडे आहे, ते आधी सांगते. पुढचे तसे नाही. मला राग आला आहे, आणि रागात माझे अक्षर अधिकच वळणदार येते असे तुमचे आजोबा म्हणत. संपादकांची तेवढी तरी सोय होईल.

विमानाची चाके आतबाहेर होतात, पंखांच्या मागच्या पट्ट्या वरखाली होतात, ते सगळे तेलाच्या दाबावर चालते. हे तेल ज्या फटींतून जाते, त्यांतल्या काही केसाहूनही अरुंद असतात. तिथे वाळूचा एक कण अडकला तरी चाक बाहेर येईलच याची खात्री नाही. म्हणून तेलाचे नमुने आमच्याकडे येत. नाण्यापेक्षा थोडी मोठी पांढरी चकती असते, गाळण्याची. तिच्यातून तेल ओढून घ्यायचे. तेल खाली जाते, कचरा वर राहतो. चकतीवर बारीक चौकटी छापलेल्या असतात. एकेक चौकट भिंगाखाली आणायची आणि मोजायचे. धातू चकाकतो, वाळू काचेसारखी दिसते, रबर काळे आणि बेढब असते. आणि तंतू लांबच लांब, आळसावून पडलेले.

एकदा भांडारातल्या एका गृहस्थांनी नमुना लोणच्याच्या बरणीतून पाठवला. "मॅडम, तीनदा धुतली आहे," ते म्हणाले. मी अहवालात "मोहरीची साले, सहा" असे लिहून खाली सही केली. तो अहवाल बरीच वर्षे कँटीनमध्ये गाजत होता. आणखी एकदा हवाई दलातले एक अधिकारी घाईत आले. त्यांना विमान संध्याकाळी न्यायचे होते आणि तेल नापास झाले होते. "थोडं कमी मोजता येणार नाही का?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "येईल की. विमानात तुम्ही स्वतः बसणार असाल तर." ते खुर्चीत बसले आणि दुसरा नमुना येईपर्यंत उठले नाहीत.

या गोष्टी मी निवृत्तीच्या समारंभात सांगितल्या. लोक हसले. कमलाबाईंची सांगितली नाही, कारण तेव्हा ती माझ्या लेखी गोष्टच नव्हती. एक किरकोळ प्रशासकीय बाब होती.

ती कळायला तुम्हाला ब्लँक म्हणजे काय हे कळले पाहिजे. कचरा मोजणाऱ्याचाही कचरा असतो. त्याच्या हाताचा, कपड्यांचा, खोलीतल्या हवेचा. म्हणून रोज सकाळी पहिली चाचणी नमुन्याची करायची नाही. आधीच गाळून स्वच्छ केलेला द्रव घ्यायचा, तो पुन्हा चकतीतून गाळायचा आणि चकतीवर काय येते ते पाहायचे. जे येईल ते आपले. यालाच ब्लँक म्हणतात. तो आकडा मग दिवसभराच्या नमुन्यांतून वजा करायचा. आणि ब्लँक ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला, तर त्या दिवशी काम बंद. खोली पुसा, भांडी धुवा, पुन्हा करा.

कमला जाधव आमच्याकडे तंत्रज्ञ म्हणून तात्पुरत्या आल्या. वय पस्तिशीचे, घरी दोन मुली आणि सासू, नवऱ्याचे काम कधी असे, कधी नसे. वर्ष नीट गेले की कायम व्हायचे, असा नियम होता. त्यांचे घराणे कित्येक पिढ्या इथलेच. मराठी बोलत, पण अर्धी कन्नड मिसळलेली. मला त्या "अक्का" म्हणत. मी पुण्याहून आलेली, कॉन्व्हेंटात शिकलेली. ते "अक्का" मला आवडत नसे, आणि त्यांची मराठी मी मनातल्या मनात दुरुस्त करत असे. हे लिहिणे भाग आहे, कारण जे झाले त्यात त्याचा हात होता.

सकाळचा ब्लँक आळीपाळीने चौघे करत. तिघांचे पास होत. कमलाबाईंचा चारातून तीनदा नापास होई, आणि दर वेळी कारण एकच, तंतू. मी स्वतः भिंगातून पाहिले. सूत भिंगाखाली पिळलेल्या फितीसारखे दिसते. हे तसे नव्हते. गुळगुळीत, बिनरंगी, टोकापासून टोकापर्यंत एकाच जाडीचे. कृत्रिम धागा.

"नायलॉनची साडी नेसून येऊ नका," मी सांगितले.

दुसऱ्या दिवसापासून त्या सुती साड्या नेसून येऊ लागल्या, घरी तांदळाची खळ दिलेल्या, कडक. तंतू येतच राहिले.

"केस नीट बांधा. हात कोपरापर्यंत धुवा. दार ढकलू नका, हळू उघडा."

"सगळं केलं, अक्का. मी स्वल्पही हलगर्जी करत नाही, बघा."

"मग बाकीच्यांचे कसे पास होतात?"

त्या पुन्हा हात धुवायला गेल्या.

मग एका सकाळी मी खोलीत आले तेव्हा कमलाबाई कोटाशिवाय उभ्या होत्या. नुसत्या साडीत, पदर खोचलेला. त्या खोलीत कोटाशिवाय पाऊल टाकायला बंदी होती आणि ती बंदी माझी होती. पूर्वी आमचे कोट जाड सुती असत, खळ घातलेले. सुताचा भुरा आणि खळीची पूड पडते म्हणून मी वर्षभर पत्रव्यवहार करून ते बदलून घेतले होते आणि कृत्रिम धागा मिसळलेले टेरीकॉटचे पांढरेशुभ्र कोट आणवले होते. माझ्या सहीचे परिपत्रक काचेखाली लावलेले होते. त्या कोटांचा मला अभिमान होता.

"अक्का, रागावू नका. आधी हे बघा." त्यांनी दोन चकत्या पुढे केल्या. "ही कोट घालून केलेली. ही कोट काढून. ही पास आहे."

"कोट घाला."

"घालते. पण हे धागे कोटाचे आहेत, अक्का. मी सुई तापवून लावली. आक्रसून त्याचा मणी झाला. सूत असतं तर जळून काळं झालं असतं. आमची अम्मा चिकपेटेच्या बाजारात साडी घेताना पदराचा एक धागा काढून जाळून बघते. रेशमाला केस जळल्यासारखा वास, सुताला कागदाचा, आणि खोटं असलं की त्याची गोळी होते. हे खोटं आहे."

दुसऱ्या चकतीवर खळीचे चार ठिपके आणि सुताचे दोन तुकडे होते. मर्यादेच्या आत. मी ते पाहिले. नीट पाहिले, कारण न बघता बोलण्याची माझी पद्धत नाही. आणि मग मी म्हटले, "ही प्रयोगशाळा आहे, कमलाबाई, साडीचं दुकान नाही."

बाकीचे तिघे हसले. त्यांत आमचे मूर्तीही होते, माझ्यानंतरचे सर्वांत अनुभवी.

मी त्यांच्या वर्षअखेरच्या कागदावर लिहिले: "कामात निष्काळजी. शिस्तीचे नियम मोडतात." दोन वाक्ये, इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात. त्यांना कायम केले नाही. शेवटच्या दिवशी कमलाबाईंनी आपला कोट धुऊन, घडी करून माझ्या टेबलावर ठेवला आणि "येते, मॅडम" म्हणाल्या. अक्का नाही. तेव्हा मला बरे वाटले की शेवटी शिकल्या.

आता या वर्षीचे. सई, तुझ्या शाळेचा प्रकल्प तुला आठवत असेल. तू यंत्रात धुतलेल्या कपड्यांचे पाणी गाळून त्याचा फोटो मला फोनवर दाखवलास आणि विचारलेस, "आजी, ओळख हे काय आहे?" तुला वाटले नेटवर्क गेले, कारण मी काही बोलेना. नेटवर्क चांगले होते. ते गुळगुळीत, बिनरंगी, एकाच जाडीचे तंतू मला चाळीस पावलांवरून ओळखता आले असते.

दुसऱ्या दिवशी मी निवृत्तीनंतर हौसेने घेतलेला सूक्ष्मदर्शक कपाटातून काढला, शहरातल्या उपकरणांच्या दुकानातून चकत्या आणि हातपंप आणला आणि येलहंक्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, कामाला बसले. तुमच्या आईने पाठवलेले मऊ जॅकेट धुतलेले पाणी. चहाची जाळीदार पिशवी बुडवलेले गरम पाणी. पलंगाखालची धूळ. मंडळाने सत्कारात माझ्या खांद्यावर घातलेली शाल. होय, तीही मी तपासली आहे. सगळीकडे सुई तापवून लावली आणि सगळीकडे मणी झाला. तुमच्या आजीच्या घरात प्लास्टिक सोफ्यावर बसते, चहा पिते आणि रात्री उशाशी झोपते.

सगळ्यांत वाईट म्हणजे मला ब्लँक मिळेना. तीस वर्षे मी ज्याच्यावाचून काम सुरू केले नाही, तो स्वच्छ, कोरा, शून्याजवळचा आकडा. नळाच्या पाण्यात तंतू. टँकरच्या पाण्यात तंतू. फिल्टरचे पाणी घेतले, तर फिल्टरच प्लास्टिकचा. विकतची बाटली उघडताना झाकणाचाच चुरा पडतो. कशातून काय वजा करायचे?

मग मी वाचायला घेतले, आणि तेव्हापासून मला राग आला आहे तो उतरत नाही. प्लास्टिकचे हे कण माणसाच्या रक्तात सापडले आहेत. फुप्फुसांत सापडले आहेत. ज्या नाळेतून पोटातल्या बाळाला अन्न जाते तिच्यात सापडले आहेत. कपडे धुतलेले पाणी गटारात जाते, तिथून शुद्धीकरणाला. तिथे बरेचसे कण अडतात हे खरे, पण ते गाळात बसतात, आणि गाळ खत म्हणून शेतात जातो. जे अडत नाहीत ते तळ्यात. आपल्या शहरातल्या तळ्यांवर फेस आला की वर्तमानपत्रात फोटो येतो, कारण फेस दिसतो. तंतू दिसत नाहीत. मासा ते गिळतो, गांडूळ गिळते, आणि कोणी फोटो काढत नाही.

याने माणसाला नेमके काय होते? खरे उत्तर असे की अजून पुरते कळलेले नाही. अंगात सूज धरते, हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या दुखण्याशी संबंध असावा, असे संशोधक म्हणू लागले आहेत. "असावा" हा शब्द मी मुद्दाम ठेवते. जेवढे दिसले तेवढेच लिहायचे ही माझी सवय आहे. पण या "असावा"चा जो उपयोग लोक करतात त्याने माझे डोके फिरते. आमच्या सोसायटीच्या बैठकीत मुलांच्या खेळायच्या जागेवर प्लास्टिकचे गवत अंथरायचे ठरत होते. मी उठून बोलले. सचिव तरुण आहेत, मारतहळ्ळीत एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. ते हसून म्हणाले, "आंटी, इट्स नॉट प्रूव्हन ना."

मी म्हटले, "आमच्याकडे तेलाचा संशय आला तर तेल चांगले आहे हे सिद्ध होईपर्यंत विमान जमिनीवर राहायचे. तुम्ही मुलांना आधी उडवता आणि पडल्यावर तपासणार."

"आंटी, पण हे विमान नाही."

"नाही. विमान महाग असतं."

गवत अंथरले गेले. हिरवेगार आहे. त्याच्यावर पाणी मारतात.

पण सचिवांवर मी किती रागावू? मीही एके काळी हेच म्हटले होते, याहून उर्मटपणे, आणि ते ऐकणाऱ्या बाईच्या हातात पुरावा होता. कमलाबाई कुठे असतात ते शोधायला मी मूर्तींना फोन केला. ते आता मुलाकडे म्हैसूरला असतात.

"त्या जाधव बाई? राजाजीनगरला असतात, माझ्या बहिणीच्या गल्लीत," ते म्हणाले. "का हो मॅडम, आज एकदम?"

मी सांगितले. ब्लँक, कोट, तंतू. पलीकडे मूर्ती मोठ्याने हसले, जुन्या आठवणीने हसतात तसे.

"मॅडम, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? ब्लँक सगळ्यांचेच नापास व्हायचे! आम्ही तीन-तीनदा करायचो, पास होईल तो लिहायचो. ती बाई एकदाच करायची आणि आलेला आकडा लिहायची. मी तिला सांगितलं होतं, अम्मा, पुन्हा कर. म्हणाली, पुन्हा केल्यावर पहिला कुठे जातो?"

मी फोन ठेवला. चौघांत एकच माणूस नीट मोजत होता, आणि मी, कचरा मोजण्याबद्दल जिचा सत्कार झाला ती, नेमके त्याच माणसाला निष्काळजी म्हटले.

राजाजीनगरचे घर लहान, पहिल्या मजल्यावर. कमलाबाईंचे केस पांढरे झाले आहेत, बाकी तशाच. कारखान्यानंतर त्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या, त्याही तात्पुरत्या, अगदी शेवटपर्यंत. दोन्ही मुलींना शिकवले. धाकटी नर्स आहे. त्यांनी मला ओळखले, बसवले, स्टीलच्या पेल्यात कॉफी दिली. मी रिक्षात चारदा घोकलेले सगळे एका दमात बोलले. तुमची चाचणी बरोबर होती. तंतू कोटांचेच होते. बाकीचे खोटे आकडे लिहीत होते. मी चुकीचे लिहिले आणि तुमची नोकरी गेली. मला क्षमा करा.

मग त्यांनी एकच विचारले.

"मग कोट बदलले?"

मला प्रश्न समजला नाही, असे मी क्षणभर दाखवले. "कधी?"

"मी गेल्यावर. तुम्ही ती चकती बघितली होती की, अक्का. डोळा लावून बघितली होती. मग बदलले का कोट?"

"नाही."

"तुम्ही रिटायर होईपर्यंत?"

"नाही. मीही तोच घालत होते."

कमलाबाईंनी पेला खाली ठेवला, जरा आपटूनच. "मी काय माझ्या नोकरीसाठी कोट काढला होता? नोकरी तर त्यानेच जाणार, हे मला दिसत होतं. अकरा माणसं त्या बंद खोलीत दिवसभर ते खोटं सूत नाकात घेत होती. ते कोट दर शनिवारी धुवायला जायचे. ते पाणी कुठे जात होतं, अक्का? माझं चूक की बरोबर ते मला तेव्हाच माहीत होतं. ते सांगायला एवढ्या लांबून कशाला आलात?"

"मग मी काय करू?" मी विचारले. मी, जिने तीस वर्षे दुसऱ्यांना काय करा ते सांगितले.

"मला काय विचारता? इन-चार्ज तुम्ही होता." त्या उठल्या, पेले उचलले, आणि स्वयंपाकघराच्या दारातून वळून म्हणाल्या, "लिहून पाठवा त्यांना. कोटाचं आधी लिहा. माझं मागाहून."

मी घरी येऊन प्रयोगशाळेच्या आताच्या प्रमुखांना पत्र लिहिले. पहिल्या परिच्छेदात कोट: कोणत्या कापडाचे आहेत, त्यांचे तंतू कसे झडतात, कोट घालून आणि काढून ब्लँक कसा करायचा, पहिला आकडाच का लिहायचा. दुसऱ्या परिच्छेदात असे की हे कमला जाधव यांनी पूर्वीच चाचणीने दाखवले होते, ते मी पाहिले होते आणि तरीही नाकारले होते. त्यांच्या कागदावरचा माझा शेरा खोटा आहे. खाली सही. पोच आली. तिच्यावर एक न वाचता येणारी सही होती आणि दुसरे काही नव्हते.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी दहाला मी प्रयोगशाळेत फोन करते. नम्रपणे विचारते. ते नम्रपणे सांगतात की विषय विचाराधीन आहे. साडेदहाला माझा फोन वाजतो. राजाजीनगरहून. आपल्या शेऱ्याचे काय झाले हे कमलाबाईंनी एकदाही विचारलेले नाही.

"बदलले?" त्या विचारतात.

"नाही अजून."

"सरी, ठीक आहे. पुढच्या सोमवारी विचारा," म्हणतात आणि ठेवून देतात.